कार्डावरची तारीख

"सिस्टर, एक आठवडा मागची तारीख टाका ना. त्यात कुणाचं काय बिघडणार आहे?"

गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले होते. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी शर्टाची डावी बाही खांद्यापर्यंत दुमडून ठेवली होती. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस टोचून घ्यायला आम्ही दहा जण भिंतीला लागून बसलो होतो. एका कुपीत दहा जणांची लस, आणि तिच्यातल्या पांढऱ्या भुकटीत द्रव मिसळला की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून एकाच दिवशी बोलावतात. दहाही जण एकमेकांना अनोळखी. त्यामुळे या गृहस्थांचं बोलणं ऐकू येत असूनही सगळे ते न ऐकल्यासारखं करत होते. त्यांचं विमान चार दिवसांनी होतं. धाकटा भाऊ तिकडे इस्पितळात होता आणि डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं. हे सगळं ते सिस्टरांकडे न बघता टेबलावरच्या कापसाच्या डब्याकडे बघत सांगत होते. सिस्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तारीख मी लिहिते काका, पण ठरते ती तुमच्या अंगात. आज टोचलं की दहा दिवसांनी. ते दिवस मला कमी करता येत नाहीत." आवाजात राग नव्हता. उलट हे वाक्य त्यांना याआधीही खूपदा म्हणावं लागलं असणार, असा एक थकवा होता.

त्यांनी लस घेतली. सिस्टरांनी प्रवासात दाखला म्हणून दाखवायच्या पिवळ्या कार्डावर त्या दिवशीची तारीख लिहिली, शिक्का मारला. उजव्या हाताने दंडावर कापूस दाबत ते माझ्या शेजारी येऊन बसले. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. डाव्या हातात कार्ड उघडंच धरलं होतं, शाई ओली होती म्हणून.

मी मनातल्या मनात त्यांच्या बाजूने होते.

कागदावरच्या तारखा आपण आयुष्यभर मागेपुढे करत आलेलो असतो. रजेचा अर्ज असो, पावती असो, सहीखालचा दिनांक असो. एका माणसाला आपल्या भावाला शेवटचं बघायचं आहे, आणि मधे उभा आहे एक आकडा. तो आकडा मला त्या खोलीत फार निष्ठुर वाटला. घरी येऊन मी नियम वाचला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार पीतज्वराच्या लशीचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षं होती. 11 जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणजे आयुष्यभर पुरणारी गोष्ट, फक्त पहिले दहा दिवस अडवणारी. वाचूनही माझं मत बदललं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अंग कसकसलं. डोकं जड, पाठीत बारीक ठणका. ताप म्हणावा असा नव्हता, पण कपाळ गरम होतं. सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. ही लस जिवंत असते. दुबळा केलेला पण जिवंत विषाणू त्या कापसाखालच्या टिंबातून आत गेलेला असतो, तो आत वाढतो आणि शरीर त्याच्याशी झुंजून शिकतं. बहुतेकांचं हे शिकणं दहाव्या दिवसापर्यंत पुरेसं होतं. त्या दिवशी पांघरुणात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की ते गृहस्थ चार दिवसांनी गेले असतील तर या घटकेला ते तिथे आहेत. आणि त्यांचं अंगही, माझ्यासारखंच, अजून अर्ध्या वाटेवर आहे.

माझी तयारी तशी नीट झाली होती. सिस्टरांनी एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली होती. टायफॉइडची लस काही वर्षंच पुरते, तेव्हा आधी घेतली असेल तर ती कधी घेतली ते आठवा. यकृताच्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस ए ची, एक मात्रा आत्ता आणि दुसरी सहा महिन्यांनंतर. कुत्रं, माकड, कुणीही चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायची, घड्याळ लावून, आणि मग लगेच डॉक्टर गाठायचा. रेबीजची लस आधी घेतलेली नसेल तर लशीबरोबर जखमेत टोचायचं ते दुसरं औषध लागतं आणि ते सगळीकडे मिळतंच असं नाही. "गोंडस पिल्लू दिसलं तरी लांबून बघायचं," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. आणि डास दोन प्रकारचे. पीतज्वराचा डास दिवसा चावतो, हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. म्हणजे दिवसा अंगाला मलम आणि रात्री मच्छरदाणी, यातलं एक करून दुसरं सोडता येत नाही.

तिकडे पोचल्यावर या सूचनांना वास आला, चव आली. उन्हापासून वाचवणारं मलम आधी आणि डासांचं नंतर, हा क्रम पहिल्या दिवशी उलटा झाला आणि चेहरा चिकट झाला. डासांच्या औषधाचा तो उग्र गोडसर वास इतका अंगात भिनला, की अजूनही तसा काही वास आला तर मला ती खिडकी आठवते आणि खाली रस्त्यावर मुलांचा चाललेला आरडाओरडा. हाताला ते औषध असताना मी चष्मा काढला, तर प्लास्टिकच्या काडीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, कायमचा. चष्मा अजून तोच आहे. रात्री मच्छरदाणीच्या आत बसून गादीखाली तिच्या कडा खोचत जायचं, एकेक वीत. बाहेर डासांचं गुणगुणणं जाळीला घासून जायचं. रोज सकाळी न्याहारीनंतर हिवताप टाळणाऱ्या डॉक्सिसायक्लिनची एक गोळी. पाण्याचा पूर्ण ग्लास पिऊन, आणि गिळल्यावर आडवं न होता, नाहीतर ती गळ्याखाली अडकून अन्ननलिका पोळते. एकदा मी घाईत दोन घोटांवर ती गिळली आणि दिवसभर छातीच्या मध्यभागी एक निखारा घेऊन फिरले. त्यानंतर ग्लास कधी अर्धा ठेवला नाही. इतकं सगळं मी मन लावून केलं. ज्या घरी मी राहत होते, तिथल्या आजीबाई माझी मच्छरदाणी रोज संध्याकाळी स्वतः झाडून द्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या खाटेवर जाळी नव्हती. विचारलं तर हसल्या आणि हात हलवला. मी पुढे काही विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

परत आले, आणि अकराव्या दिवशी गोळ्या थांबवल्या.

परत आल्यावरही चार आठवडे गोळी घ्यायची असते, हे मला पाठ होतं. पण घरी आलं की मन प्रवास संपवून टाकतं. पिशव्या रिकाम्या झाल्या, कपडे धुऊन वाळले, फोटो दाखवून झाले. आता इथे कुठला डास, असं वाटलं. पोटात जरा मळमळायचंही. कुणी मना केलं नाही, कुणाला ते माहीतही नव्हतं. कप्प्यात स्ट्रिप राहिली, तीत सतरा गोळ्या. चार आठवड्यांचं कारण मला नंतर नीट कळलं. डासाने सोडलेला हिवतापाचा जंतू आधी यकृतात जाऊन बसतो. तिथे तो वाढत असताना ताप नाही, काही नाही. मग तो रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन त्याला गाठतं ते मुख्यतः रक्तात. त्यामुळे शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा जंतूसुद्धा रक्तात उतरेपर्यंत गोळी तिथे हजर असावी लागते. दुसरी एक गोळी, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, यकृतातच त्याला अडवते, म्हणून ती परतल्यावर सातच दिवस घेतात. एकेका औषधाचा हिशेब वेगळा, पण प्रत्येक आकड्यामागे जंतूचा मुक्काम आहे. मी घरी आले होते. माझं यकृत अजून तिकडेच होतं.

चोविसाव्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. नुसती थंडी नव्हे. दात एकमेकांवर आपटत होते आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. तीन पांघरुणं, त्यावर उशा. तासाभराने त्याच पांघरुणांना लाथा मारून मी फरशीवर झोपले, आणि मग असा घाम सुटला की केस निथळले. पहिल्या डॉक्टरांनी घसा बघितला, छाती तपासली, ताप-अंगदुखीची साथ आहे म्हणाले, विश्रांती घ्या. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला खरंच सुचलं नाही. तीन आठवड्यांपूर्वीचा प्रवास आणि आजचा ताप यांच्यात मला दुवाच दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी वेगळ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी हातात धरूनच पहिला प्रश्न केला, "गेल्या वर्षभरात परदेशात कुठे गेला होतात?" मी देशाचं नाव सांगितलं आणि त्यांनी नाडी सोडून फोन उचलला.

तासाभरात रक्ताचा निकाल आला. त्या तरुण डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बघाल तर पुन्हा गोळ्या सोडणार नाही, असं म्हणाले. फिकट गुलाबी गोल पेशी, आणि त्यातल्या काहींच्या आत एक नाजूक जांभळट कडं, एका टोकाला गडद ठिपका. खडा बसवलेली अंगठी जशी दिसावी तशी. इतकी सुबक गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. ही हिवतापाची ती फाल्सिपेरम जात, जी दुर्लक्ष केलं तर मेंदूपर्यंत पोचते आणि एक-दोन दिवसांत माणूस हाती लागत नाही. मी वेळेत पोचले. उपचार सुरू झाले, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या डॉक्टरांचं एक वाक्य मात्र उतरलं नाही. घरी सोडताना ते म्हणाले, "काही दिवस मच्छरदाणीत झोपा. तुमच्यासाठी नाही, घरातल्यांसाठी. इथला डास तुम्हाला चावला तर तो तुमच्याकडून घेऊन जाईल."

इतके आठवडे मी मच्छरदाणीच्या आत होते ती स्वतःला वाचवायला. आता तीच जाळी माझ्यापासून इतरांना वाचवणार होती. आतून ती तशीच दिसते.

त्या अंथरुणावर मला ते गृहस्थ पुन्हा आठवले. "कुणाचं काय बिघडणार आहे?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि मी त्याचं उत्तर "कुणाचंच नाही" असं धरून चालले होते. धोका असला तर त्यांचाच, आणि तो पत्करायचा त्यांना हक्क आहे, असं. पण पीतज्वराचा दाखला मागितला जातो तो बहुतेक ठिकाणी येणाऱ्याला जपण्यासाठी नाही. जिथे तो डास आहे पण तो विषाणू नाही अशा जागा पृथ्वीवर अफाट आहेत, जवळजवळ सगळा दक्षिण आशिया त्यात येतो. तिथे एक तापलेला माणूस उतरणं एवढंच बाकी असतं. ते गृहस्थ अंगात विषाणू घेऊन परतले असते तर तो भावाच्या शहराचा नाही, परतीच्या शहराचा प्रश्न झाला असता. त्या गोष्टी मी आजारपणात वाचत गेले. 1918 च्या नोव्हेंबरात ऑकलंडहून 'तालुने' नावाचं जहाज पॅसिफिक महासागरातल्या, तेव्हा न्यूझीलंडच्या ताब्यात असलेल्या पश्चिम सामोआच्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर फ्लूने आजारी माणसं होती, तरी प्रवाशांना उतरू दिलं. पुढच्या काही आठवड्यांत तिथली जवळजवळ एक पंचमांश माणसं गेली. शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी जहाजं अडवली, आणि तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. दोन सामोआ, मधे थोडासा समुद्र. 2002 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची माफी मागितली. चौऱ्याऐंशी वर्षांनी. बंदरावर त्या दिवशी उतरू पाहणाऱ्यांतही कुणी आपल्या माणसांकडे निघालेलं असेलच. ते मला विसरता येत नाही, आणि त्यामुळे हा प्रसंग सोपाही होत नाही.

आपल्या माणसांकडे जाणारा माणूस सगळ्यांत कमी काळजी घेतो, हे प्रवाशांना तपासणारे डॉक्टर नेहमी सांगतात. त्याला आपण परदेशी निघालोय असं वाटतच नाही. लहानपण तिथे गेलं, तेच पाणी प्यायलो, त्याच डासांनी फोडून काढलं, आता काय होणार? पण हिवतापाशी जुळवून घेण्याची अंगची ताकद दूर राहिल्यावर काही वर्षांत ओसरते. आठवणी राहतात, ती राहत नाही.

पीतज्वराची तर सगळी गोष्टच दिवसांच्या हिशेबाची आहे. क्युबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 मध्येच सांगितलं होतं की हा रोग डास पसरवतो. त्यांनी रोग्याला चावलेले डास निरोगी माणसांना चाववून पाहिले, पण म्हणावा तसा रोग होईना, आणि त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. चूक दिवसांची होती. रोग्याचं रक्त प्यायल्यावर डास लगेच रोग देऊ शकत नाही, विषाणूला त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला दिवस लागतात. 1898 मध्ये मिसिसिपीतल्या लहान वस्त्यांतून हेन्री कार्टर नावाचे डॉक्टर घरोघर फिरून तारखा टिपत होते: पहिला रोगी कधी पडला, त्या घरातला पुढचा कधी. मधे दोन-तीन आठवड्यांचं अंतर सापडत होतं. त्या तारखांचा धागा धरून 1900 मध्ये हवानात अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या तुकडीने डासांना बारा दिवस थांबवलं, आणि मग सिद्ध झालं. त्या तुकडीतले जेसी लाझीर त्याच प्रयोगांच्या दिवसांत पीतज्वराने गेले. वय चौतीस. एकेका तारखेसाठी माणसं घरोघर हिंडली होती, आणि मी म्हणत होते, एक आठवडा मागे टाकली तर काय झालं.

आणि असिबी. हे नाव मला आधी माहीत असतं तर त्या खोलीत मी वेगळी बसले असते. 1927 मध्ये गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानामधल्या, क्पेवे गावात असिबी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा माणूस पीतज्वराने आजारी होता. त्याचं थोडं रक्त घेऊन माकडाला टोचलं. माकडाला रोग लागला, असिबी बरा झाला. त्या रक्तातला विषाणू प्रयोगशाळेत एका पिढीतून दुसऱ्या पिढीत शंभराहून अधिक वेळा वाढवत नेत मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1937 मध्ये एक दुबळा, निरुपद्रवी झालेला प्रकार मिळाला, 17डी. त्यासाठी थायलरना 1951 चं नोबेल मिळालं. आज जगात पीतज्वराची जी लस टोचतात ती सगळी त्याच वंशातली. असिबी कुठे गेला नाही, त्याने कुठला दाखला दाखवला नाही. पण त्या दिवशी त्या एका कुपीतून आम्हा दहा जणांत जे वाटलं गेलं, माझ्या दंडात आणि शेजारच्या त्या गृहस्थांच्या दंडात, त्याचा माग त्याच्या खाटेपर्यंत जातो. मी गेले होते ते त्याच्याच देशात. ज्या आजीबाई माझी जाळी झाडत होत्या त्यांच्याकडे जाळी नव्हती, हेही मला याच वाचनात पुन्हा टोचलं. मी त्यांना नंतर दोन पाठवल्या. पोचल्याचा निरोप आला. वापरतात की नातवांना देऊन टाकल्या, ते माहीत नाही.

सहा महिन्यांनी काविळीच्या लशीची दुसरी मात्रा घ्यायला मी त्याच केंद्रात गेले. त्याच सिस्टर होत्या. तोच कापसाचा डबा. बाही वर करता करता मी विचारलं, "मागच्या वेळी एक काका होते, भाऊ आजारी असलेले, तारीख मागची टाका म्हणत होते. त्यांचं पुढे काय झालं?" त्यांनी डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. मग मान हलवली. "आठवड्याला दोन-तीन तरी येतात हो तसे. कुणाची आई, कुणाचा भाऊ." सुई टोचून झाली, त्यांनी कापूस दाबला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. "मी घरी गेल्यावर पण आठवत बसते त्यांना. पण काय करणार?" मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून माझ्या कार्डावर तारीख लिहिली.

अर्धा तास मी त्याच बाकावर बसले, भिंतीला लागून. शेजारची जागा रिकामी होती. त्या दिवशी ते गृहस्थ उठताना मी "भावाला बरं वाटू दे" एवढंच म्हणाले होते, आणि त्यांनी मान डोलावली होती. बाही तशीच वर दुमडलेली. दारापाशी पोचेपर्यंत त्यांनी कार्ड मिटलं नव्हतं, शाई अजून वाळली नव्हती.